तासगावची टोळी आणि सिंगापूरची लेव्ही

येरळाकाठ | १४ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. मे महिन्यात लेकाकडं सिंगापूरला एकवीस दिवस राहून आलो. प्रवासवर्णन लिहिणार नाही, घाबरू नका. तीन इमारतींच्या डोक्यावर ठेवलेली ती बोट तुम्ही सगळ्यांनी फोटोत बघितलेली आहे. मला लिहायचंय ते मजुरांबद्दल, कारण परत आल्यापासून डोक्यात तेच घोळतंय आणि घरचे ऐकून कंटाळलेत.

आधी आमची कथा. तासगाव तालुका, अडीच एकर द्राक्ष. गेल्या ऑक्टोबर छाटणीला एका मुकादमाला ४० हजार उचल दिली. ठरल्या दिवशी पहाटे साडेपाचला आम्ही नवराबायको पंधरा माणसांच्या चहाचं पातेलं ठेवून बसलो. सहा वाजले, सात वाजले. फोन बंद. आठ वाजता बायकोनं न बोलता पातेलं उचललं आणि दूध तेवढं मांजराला घातलं. टोळी दुसऱ्या कुणाच्या बागेत गेली होती, तिथं एकरी दर जास्त मिळाला म्हणे. पैसे अजून आलेले नाहीत, येतील असंही वाटत नाही. शेवटी बिहारची सहा पोरं मिळाली, पण छाटणी आठ दिवस पुढं गेली. बागायतदाराला सांगायला नको: छाटणीची तारीख हलली की माल निघायची तारीख हलते, आणि ती हलली की दर हलतो.

आता सिंगापूर. लेकाच्या बाल्कनीतून रोज पहाटे एक दृश्य दिसायचं. उघड्या लॉरीच्या हौद्यात पंधरावीस पोरं, पिवळी हेल्मेट मांडीवर, निम्मी बसल्या बसल्या झोपलेली. इतक्या चकाचक देशात माणसं मालासारखी नेतात, हे मला जरा लागलं. रविवारी लिटल इंडियात टेक्का मार्केटच्या बाहेर एका तमिळ पोराशेजारी बसलो. मोडक्या हिंदीत बोलणं झालं. जमीन गहाण टाकून एजंटचे पैसे भरलेले, आता बांधकामावर. त्यानं एक गोष्ट सांगितली, ती काही जात नाही डोक्यातून. मालक त्याच्या डोक्यावर सरकारला दर महिन्याला वेगळे पैसे भरतो, त्याला 'लेव्ही' म्हणतात. "वो पैसा मेरा नहीं, गवर्नमेंट का," म्हणाला आणि हसला.

मला प्रश्न पडला तो असा. आपला सांगली जिल्हा तरी वेगळा काय आहे? मालाचा दर बाहेर ठरतो, मजूर बाहेरून येतो, आपली पोरं बाहेर जातात. मग मजुरांच्या बाबतीत आपल्या हातात नेमकं आहे तरी काय? जाणकारांनी लिहावं.

पुन्हा_वर्गात | १४ जून, रात्री ११.०५

अर्थशास्त्र शिकवण्यात तीस वर्षं घालवली, त्यामुळे राहवत नाही. तुम्ही वर्णन केलंत त्याला छोटी खुली अर्थव्यवस्था म्हणतात. 'छोटी' म्हणजे गरीब नव्हे. जगाच्या बाजारात तुमचा वाटा इतका लहान की तुम्ही जास्त विकलंत काय, कमी विकलंत काय, दर जागचा हलत नाही. 'खुली' म्हणजे खरेदीविक्रीशिवाय तुमचं पान हलत नाही. सिंगापूरचा आयात-निर्यात व्यापार त्याच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या तिप्पट आहे. बांगलादेशनं द्राक्षावरचं आयात शुल्क वाढवलं की तुमच्या पेटीचा दर पडतो, त्यावर तुम्ही, मी आणि कृषिमंत्री मिळूनही काही करू शकत नाही. अफगाणी बेदाणा आला की तीच गत.

मग असा देश मंदी आली की काय करतो? दर हातात नाही, म्हणून मजुरीच्या खर्चाकडे वळतो. सिंगापुरात १९७९ पासून तीन वर्षं मुद्दाम पगार वाढवले, हेतू हा की कमी कौशल्याचे उद्योग जावेत आणि जास्त कौशल्याचे यावेत. १९८५ मध्ये मंदी आली. तेव्हा मालकानं कामगाराच्या भविष्य निधीत भरायचा हिस्सा २५ टक्क्यांवर होता, तो पुढच्या वर्षी एका झटक्यात १० टक्के केला. हातातला पगार तोच, म्हातारपणाची पुंजी कापली. कारखाने वाचले, हेही खरं. वर्गात मी हे सांगायचो तेव्हा पोरं विचारायची, संप नाही झाला का? नाही झाला. तिथं १९७२ पासून सरकार, मालक आणि संघटना यांची वेतन परिषद आहे, आणि संघटना सरकारच्या मांडीला मांडी लावून बसते. ते चांगलं की वाईट यावर दुसरा धागा काढा.

आणि येरळाकाठ, तुम्ही तासगावचे म्हणून एक आठवण. काम मागेल त्याला काम, ही रोजगार हमीची कल्पना तुमच्याच तालुक्यातली. वि. स. पागे यांनी १९६५ च्या सुमारास विसापूरला तो प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात योजना राज्यभर गेली आणि १९७७ मध्ये कायदा झाला. ज्या तालुक्यात हाताला काम नव्हतं म्हणून हे निघालं, त्याच तालुक्यात आज तुम्ही कामाला हात नाहीत म्हणून धागा काढताय!

कवठ्याचा_पाव्हणा | १५ जून, सकाळी ७.१२

वाचतोय. ४० हजाराचं वाचून पोटात कालवलं. आमच्या मेव्हण्याचे एका ऊसतोड मुकादमाकडं ट्रॅक्टरच्या किमतीएवढे अडकलेत. तीन वर्षं झाली, मुकादम गावात नाही आणि मेव्हणा झोपेत नाही.

जुरोंग_पूर्व | १५ जून, सकाळी ८.३०

मूळचा कुपवाडचा, गेली अकरा वर्षं सिंगापुरात. काम मनुष्यबळ विभागात, म्हणजे हाच धंदा. काकांनी तमिळ भावाकडून ऐकलेलं बरोबर आहे, थोडं फोडून सांगतो.

इथं परदेशी माणूस तीन दारांतून येतो. वरचं दार एम्प्लॉयमेंट पासचं, तुमच्या मुलासारख्यांचं. त्याला जानेवारी २०२५ पासून किमान ५६०० सिंगापुरी डॉलर पगार लागतो, शिवाय सप्टेंबर २०२३ पासून गुणांची परीक्षा आहे. मधलं दार एस पास, मधल्या कौशल्याच्या माणसांचं. खालचं दार वर्क परमिट, म्हणजे लॉरीतली पोरं. खालच्या दोन दारांना कोटा आणि लेव्ही दोन्ही आहेत. सेवा क्षेत्रात कंपनीच्या शंभरातली पस्तीसच माणसं या दोन दारांतून घेता येतात. बांधकामात एका स्थानिकामागे आधी सात वर्क परमिटवाले चालायचे, २०२४ पासून पाच. वर्क परमिटवाला मलेशियाचा नसेल तर मालकानं ५००० डॉलरची हमीही द्यायची.

आता लेव्हीतली खरी गोम. बांधकामात भारतातून वगैरे आलेल्या कमी कौशल्याच्या कामगारावर महिना ९०० डॉलर, आणि वरच्या कौशल्याचा दाखला असलेल्यावर ५००. म्हणजे त्याच माणसाला शिकवून वर चढवलं की मालकाचे महिन्याला ४०० डॉलर वाचतात. मी असे मालक बघितलेत ज्यांना कामगाराच्या प्रगतीशी काडीचं देणंघेणं नाही, पण या ४०० डॉलरांपायी पोरांना रविवारी वेल्डिंगच्या वर्गाला पिटाळतात. लेव्ही पगारातून कापणं हा गुन्हा आहे.

पैसे मात्र सरकारी तिजोरीत जातात, कामगाराला त्यातला छदाम नाही. सरसकट किमान वेतन इथं नाहीच. २०२० मध्ये कोविड पसरला तो मुख्यतः या पोरांच्या डॉर्मिटरीत, एकेका खोलीत दहाबारा बंक. तेव्हा कुठं इथल्या लोकांनी त्या भिंतीपलीकडं बघितलं. लॉरीचा वाद तर दरवर्षी निघतो. बस परवडत नाही म्हणतात कंत्राटदार.

मूस_आणि_भट्टी | १५ जून, दुपारी २.५०

आमी दुसऱ्या बाजूचं. खानापूर तालुका, आता कोइमतूर. गलाईवाले, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे. आजोबा दुष्काळात घर सोडून निघाले तेव्हा ना भाषा यायची ना धंदा. विट्याच्या एका पाव्हण्याच्या भट्टीवर झोपून शिकले. आज भारतात असं मोठं गाव दाखवा जिथं सराफ बाजारात खानापूर-आटपाडीचा माणूस मूस घेऊन बसलेला नाही.

सांगायची गोष्ट ही की आमच्याकडं मुकादम नाही, उचल नाही, करारही नाही. गावाकडनं पोरगा यायचा तो कुणाचा तरी भाचा, पुतण्या. जेवण, झोपणं, कपडा शेठचा. पयली दोन वर्षं भट्टीची राख काढायची, मग तेजाबाला हात लावायचा, मग टंच, म्हणजे सोन्याचा कस बघायचा. चारपाच वर्षांत शिकला की शेठच त्याला दुसऱ्या गावात दुकान टाकून द्यायचा. पळून कुठं जाणार? पळाला तर आई गावात कुणाला तोंड दाखवणार? सरांच्या पुस्तकात याला काय म्हणतात म्हाईत नाही. आमी भावकी म्हणतो.

पण ते आता संपत आलंय. टेंभू योजनेचं पाणी आलं, आटपाडीत डाळिंब झालं, पोरगा म्हणतो तेजाबाच्या धुरात छाती कशाला जाळू. बरोबर हाय त्याचं. तोंडात फडकं बांधून मी तीस वर्षं काढली, रात्री खोकला उठतो. टंच आता मशीन सांगतं, २०२१ पासनं हॉलमार्क सक्तीचा झाला, नजरेला किंमत ऱ्हायली नाही. माझ्याकडं सध्या दोन बंगाली पोरं हायत. म्हणजे सांगलीचा माणूस कोइमतूरला आणि त्याच्याकडं बंगालचा माणूस.

काथ्याकूट_मर्यादित | १५ जून, दुपारी ४.२०

सगळं छान, पण सिंगापूर देश आहे आणि सांगली जिल्हा, ही बारीकशी गोष्ट कुणाच्या लक्षात आली का? त्यांना दार आहे, म्हणून दारावर पैसे मागता येतात. आपल्याला दार नाही आणि असूही नये. राज्यघटनेच्या कलम १९ नं कुणालाही कुठंही जाऊन राहायचा, काम करायचा हक्क दिलाय. उद्या अंकलीच्या पुलावर टेबल टाकून बसणार का, बिहारी माणसामागे इतके रुपये म्हणून? दुसऱ्या दिवशी कोइमतूरवाले टेबल टाकतील आणि गलाईवाले दादा गाठोडं घेऊन विट्याला.

आणि मजूर मिळत नाही हे अर्धं वाक्य आहे. 'आम्ही देतो त्या पैशात' हे शब्द पुढं जोडा.

येरळाकाठ | १५ जून, रात्री ९.१५

काथ्याकूट, दर वाढवून द्यायला मी तयार आहे हो. औषध, खत, पेपर, सगळ्याचा दर दुसरा ठरवतो, द्राक्षाचा व्यापारी ठरवतो, मधल्या मधे मीच एक ठरवायला मोकळा राहतो तो मजुरीला, म्हणून तिथंच हात आखडतो. हे मला कळतंय. पण गेल्या वर्षी व्यापाऱ्यानं दिलेला चेक दोन महिने वटला नव्हता, तेव्हा मजुरी मी सोसायटीचं कर्ज काढून दिली, हेही लिहून ठेवा.

जावळीखोरे | १६ जून, सकाळी ६.४५

'लेव्ही' शब्द वाचला आणि हसू आलं. आवं, आमच्या घरात हा शब्द मला शाळेच्या आधी म्हाईत होता. आजोबा मशीद बंदरला माथाडी. सातारा जिल्ह्यात, म्हणजे आमच्या जावळीत, पाटणला, कोरेगावला, घराआड एक माणूस मुंबईला पाठीवर गोणी घेऊन होता. गाव चालायचं मनिऑर्डरीवर.

माथाडी कायदा १९६९ चा. त्यामागं आण्णासाहेब पाटील, पाटण तालुक्यातलेच. त्याआधी हमाल कुणाचाच नव्हता. आज या व्यापाऱ्याची गोणी, उद्या त्या व्यापाऱ्याची, मग मालक कोण? मालकच नाही तर भविष्य निधी कुणी भरायचा? कायद्यानं तोड अशी काढली की मधे बोर्ड बसवलं. हमालाची नोंद बोर्डात. व्यापाऱ्यानं मजुरी बोर्डाकडं भरायची, वर मजुरीच्या टक्क्यांत लेव्ही. त्या लेव्हीतनं हमालाचा फंड, बोनस, ग्रॅच्युइटी, भरपगारी सुट्ट्या, दवाखाना. आजोबांनी गोणी शंभर मालकांची उचलली, पण म्हातारपणी पैसे एका जागेवरनं मिळाले. त्यातनंच आमचं मेढ्याचं घर.

म्हणजे शब्द एकच. सिंगापूरला लेव्ही सरकारला जाते, आपल्याकडं तीच गोणी उचलणाऱ्याला. काथ्याकूट, याला दार लागत नाही. हमाल बिहारचा हाय का बामणोलीचा, बोर्ड विचारत नाही.

आता खोट पण सांगतो. माथाडीच्या नावावर एमआयडीसीत दमदाटी करून पैसे उकळणारे निघाले, काम न करता मजुरी मागणारे निघाले. कारखानदार बोंब मारतात ती सगळी खोटी नाही. पण सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं पोतं उचलणाऱ्याला जे मिळतं, ते हळद शेतात काढणाऱ्याला मिळत नाही, कारण तिथं बोर्ड नाही. येरळाकाठ, तुमच्या बागेतल्या छाटणीवाल्याची नोंद कुठं हाय?

पुन्हा_वर्गात | १६ जून, सकाळी ९.००

उत्तम प्रतिसाद. शंभर मालक आणि एक हमाल, हे गणित छाटणीच्या टोळीला अक्षरशः लागू पडतं. सहा पोरं हंगामात वीस बागा करतात, त्यांतल्या कुठल्याच बागेचा मालक त्यांचा 'मालक' नसतो. फरक इतकाच की व्यापारी एका यार्डात सापडतो आणि बागायतदार चाळीस गावांत पसरलेला. बोर्ड वसुली कुणाकडून आणि कशी करणार, हा प्रश्न मला अवघड वाटतो.

विरळणीची_कात्री | १६ जून, दुपारी १२.३०

दोन दिवस वाचतेय. बोर्ड, पास, डॉलर सगळं झालं. बाई कुठं आहे या धाग्यात? येरळाकाठच्या बायकोनं पातेलं उचललं तेवढीच.

लॉरी बघायला सिंगापूर कशाला, दादा? पहाटे साडेसहाला मणेराजुरीच्या फाट्यावर उभे राहा. जतकडनं, कवठे महांकाळकडनं छोटे हत्ती येतात. एकेकात वीस-बावीस बायका, उभ्या, एका हातात डबा आणि दुसरा वरच्या पाइपला. ज्या गाडीत द्राक्षाच्या पेट्या नेताना तुम्ही मधे कागद घालता, त्याच गाडीत.

मी पाच वर्षं त्यात उभी राहिले, मग मिरजेत नर्सिंग केलं, म्हणून लिहितेय. विरळणी म्हणजे काय हे बागेबाहेरच्यांना सांगते. घड डोक्याच्या वर लटकतो. मान मागं टाकून, दोन्ही हात वर धरून, बारीक कात्रीनं घडातले नको ते मणी काढायचे. दुसऱ्या मण्याला टोक लागलं की तो सडतो आणि मालक ओरडतो. सकाळी नऊ ते सहा. रात्री भाकरी थापताना खांदा वर जात नाही. हे काम पुरुष करत नाहीत, कारण त्यांना ते जमत नाही. बोटं जाड पडतात आणि धीर नसतो. आणि हजेरी? छाटणीवाल्या गड्याच्या निम्म्यावर थोडी. का, तर 'बायकांचं काम'. निर्यातीच्या पेटीचा दर मण्याच्या आकारावर ठरतो. तो आकार कुणाच्या हातानं येतो?

जुरोंगदादांनी सांगितलेलं पाचशे-नऊशेचं मला पटलं. आमच्याकडं पहिल्या दिवसाच्या पोरीला आणि दहा वर्षं कात्री धरणाऱ्या मावशीला एकच हजेरी. मग मावशी नव्या पोरीला का शिकवेल? काडीला औषधाची पेस्ट लावताना हातमोजे घाल, नाहीतर कातडी निघते, एवढं सांगितलं तरी खूप.

माझ्या वर्गातल्या निम्म्या मुली परदेशाच्या भाषेचे क्लास करतात. त्या जातील. जाऊ दे. पण जाताना त्यांना एजंटला जमीन गहाण टाकून पैसे द्यायला लागू नयेत, एवढं कुणी बघणार आहे का? कारण टेक्का मार्केटबाहेर दादांना भेटलेला पोरगा आमच्याही घरी असू शकतो.

कवठ्याचा_पाव्हणा | १६ जून, दुपारी १.०५

ताई, +१. छोटा हत्ती आमच्या दारावरनंच जातो. आजवर मोजल्या नव्हत्या बायका. आज मोजल्या. चोवीस.

जुरोंग_पूर्व | १६ जून, सायंकाळी ७.४०

ताईंचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. इथं २०१६ पासून पंचवीस वर्षांवरच्या प्रत्येक नागरिकाला काहीतरी शिकायला सरकार पैसे देतं, सुरुवातीला ५०० डॉलर दिले होते. निम्मे लोक केक बनवायला शिकले अशी इथं थट्टा चालते. पण कात्रीवाल्या मावशींना शिकवण्याचे पैसे मिळावेत ही कल्पना मी अजून कुठल्या योजनेत बघितली नाही. एम्प्लॉयमेंट पासवाल्यांना शिकवणाऱ्यांची बिलं मात्र रोज मंजूर करतो.

संपादक | १६ जून, रात्री १०.००

काथ्याकूट यांचा एक आणि दुसऱ्या सदस्याचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. कुठल्याही प्रांताच्या माणसांबद्दल सरसकट शेरे नकोत. धागा चालू राहू दे.

येरळाकाठ | २७ ऑगस्ट, रात्री ८.५०

धागा वर काढतोय. अडीच महिने गप्प होतो, कारण कात्रीताईंचा प्रतिसाद वाचून मी बायकोला विचारलं, आणि तिनं जे सांगितलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

झालं ते असं. यंदा मुकादम नाही. गेल्या वर्षीच्या सहा पोरांतल्या मोठ्याचा नंबर होता, त्यालाच थेट फोन केला. हा पोरगा तीन हंगामांपूर्वी म्हणे काडी कुठं ठेवायची हे विचारून विचारून छाटायचा, आता बाकीच्या पाचांना तो सांगतो. मी म्हटलं, एकरी दर ठरवू, आणि तुझ्या हाताला वेगळे पैसे, शिकवतोस त्याचे. तो गप्पच झाला. मग विचारलं, उचल किती पाहिजे? म्हणाला, उचल नको. संडासाला दार लावा.

दार होतं हो. कडी नव्हती. गेल्या वर्षी महिनाभर ती पोरं आत गेली की बाहेर एकजण उभा राहायचा, आणि मला वाटायचं ही बिहारकडची पद्धत असेल.

कडी लावली. पत्र्याच्या खोलीला पंखा लावला. एक वही केली, रोजची हजेरी, त्याची सही आणि माझी. जावळीखोरे, हे बोर्ड नाही, म्हाईत आहे मला. शंभर पानी वही आहे. विरळणीच्या बायकांची हजेरीही यंदा दोन प्रकारची, जुनी कात्री आणि नवी कात्री. शेजारचा बागायतदार म्हणतो तू बाजार बिघडवतोस. त्याची टोळी अजून ठरलेली नाही.

आता अडचण. पोराची दुसरी अट, छठला घरी जायचं. छाटणी उरकून सगळे जाणार आणि विरळणीच्या वेळी बायकांच्या हाताखाली डिपिंगला, म्हणजे घड औषधात बुडवायला, परत येणार. पुण्याहून दानापूरची गाडी आहे, पण त्या दिवसांत उभं राहायलाही जागा नसते. आरक्षण ६० दिवस आधी सकाळी आठला उघडतं. सहा तिकिटं, जाताना आणि येताना. मला मोबाईलवर तिकीट काढता येत नाही, लेक सिंगापुरात. सांगली-मिरजेत कुणी आठच्या ठोक्याला बसून काढून देणारं आहे का? पैसे आधी पाठवतो.

विरळणीची_कात्री | २७ ऑगस्ट, रात्री ९.०२

माझी त्या आठवड्यात रात्रपाळी आहे, आठला सुटते. वॉर्डातनंच काढते. नावं आणि वयं व्यक्तिगत निरोपात पाठवा, आधार कार्डावर आहेत तशीच.